ईदी : टॅब की लाकडी गाडी?



घरात लहान मूल असले की वर्षभर भेटवस्तूंचा ओघ चालू असतो. अकीका, दात आले, पाऊल टाकले, बिस्मिल्लाहचा कार्यक्रम, दोन्ही ईद, शिवाय उमऱ्याहून परतलेल्या नातेवाइकांची पिशवी. पूर्वी या पिशवीतून खुळखुळा, बाहुली, फार तर चावीची मोटार निघायची. आता बोलणारा ससा, गाणारा लॅपटॉप, दिवे लागणारी बंदूक आणि ऐपत असेल तर थेट टॅब निघतो. देणाऱ्याचे प्रेम खरेच असते. घेणाऱ्या आईबापाला मात्र प्रश्न पडतो की हे मुलाच्या हाती द्यावे की नाही.

मंगरूळपीर भागातील एका वाचक भगिनीने हाच प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. धाकटे दीर पुण्याला नोकरीला आहेत आणि ईदला ते भाच्या-पुतण्यांसाठी काहीतरी भारी आणणार आहेत. पुतण्यासाठी त्यांनी टॅब ठरवला आहे. नानीचे म्हणणे वेगळे. गावातल्या सुताराकडून ती लाकडी गाडी करून घेणार आहे. सासूबाई म्हणतात, जमाना पुढे गेला, पोराला मागे ठेवू नका. जाऊबाईंचा सहा वर्षांचा मुलगाही याच घरात आहे. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तशी एक ओळ आहे : बाळ अजून दहा-बाराच शब्द बोलतो, पण मोबाईल स्वतः चालू करतो, म्हणजे हुशार आहे ना?

आमच्या मते या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. त्याकडे येऊच. आधी खेळण्यांचे पाहू.

दहा वर्षांपूर्वी अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातील ॲना सोसा यांनी एक साधा अभ्यास केला. १० ते १६ महिन्यांची २६ बाळे आणि त्यांचे आईवडील त्यांनी निवडले. प्रत्येक घरी तीन प्रकारच्या वस्तू दिल्या. बाळाचा लॅपटॉप, बोलणारे शेत, खेळण्यातला मोबाईल अशी सेलवर चालणारी खेळणी हा एक प्रकार. लाकडी कोडे, आकार बसवायचा डबा, चित्रांचे ठोकळे हा दुसरा. जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तके हा तिसरा. घरात ध्वनिमुद्रण करून ठेवले आणि आईबाप किती बोलतात, बाळ किती हुंकार देते हे मोजले. पुस्तक हातात असताना आईबाप मिनिटाला सुमारे ६७ शब्द बोलत होते. साध्या खेळण्यांबरोबर सुमारे ५६. सेलच्या खेळण्यांबरोबर जेमतेम ४०. बाळाच्या बोलण्याला आईबापाने दिलेली उत्तरेही कमी झाली आणि बाळाचे स्वतःचे आवाजही घटले.

अभ्यास लहान होता, आणि घरे परदेशातली होती. तरी कारण आपल्या ओसरीवरही तेच लागू पडते. खेळणे बोलू लागले की माणूस गप्प बसतो. दिवे लागणारी गाय स्वतःच हंबरते, स्वतःच नाव सांगते, स्वतःच टाळ्या वाजवते. मग आईने काय बोलायचे? ती शेजारी बसून भाजी निवडते आणि तिला वाटते, बाळ शिकत आहे. लाकडाची गाय हंबरत नाही. म्हणून आईला हंबरावे लागते, बाळाला हसावे लागते आणि पुन्हा हंबरून दाखवावे लागते. बोलणे शिकायची शाळा हीच.

मूल बोलायला शिकते ते त्याला उत्तर मिळते म्हणून. बाळ 'बा' म्हणते, दादी म्हणते, "हां बेटा, बकरी! बकरी कुठं चालली?" बाळ बोट दाखवते, दादी तिकडे पाहते. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा होते तेव्हा भाषा येते. टॅब बाळाच्या बोटाकडे पाहतो, बाळाकडे पाहत नाही. बाळ 'बा' म्हणाले काय आणि 'मा' म्हणाले काय, त्यातले गाणे तेच चालू राहते.

शिक्षक म्हणून आम्हाला याचा पुढचा भाग वर्गात दिसतो. पहिलीत येणारी काही मुले इंग्रजीत रंगांची नावे एका दमात म्हणून दाखवतात. पालक कौतुकाने पाहत असतात. पण "ती निळी डबी उचल आणि खिडकीत ठेव" असे उर्दूत सांगा नाहीतर मराठीत सांगा, मूल डबीकडे नव्हे तर आमच्या तोंडाकडे पाहत राहते. शब्द पाठ आहे, वापरात नाही. आपल्या घरांत उर्दू, गल्लीत वऱ्हाडी मराठी, शाळेत पुस्तकाची भाषा, अशा दोन-तीन भाषा मुलाच्या कानावर पडतात. ही त्याची दौलत आहे. पण ती माणसांकडून मिळाली तरच. पडद्यावरच्या कार्टूनमधून चौथी भाषा येते आणि पहिली तीनही कच्ची राहतात.

दुसरी गोष्ट बोटांची. पेन्सिल धरायला अंगठा आणि दोन बोटांत ताकद लागते. ती पडद्यावर बोट सरकवून येत नाही. कणकेचा गोळा मळून, वाटाणे सोलून, मणी ओवून, ठोकळ्यावर ठोकळा रचून ती येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षांपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून अधिक नको, त्याहून कमी तर चांगलेच. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०२१ मध्ये जवळजवळ हेच सांगितले. दोन वर्षांखाली पडदा नाही. दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. एक अपवाद अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनीही मान्य केला आहे, तो व्हिडिओ कॉलचा. अब्बा आखातात असतील, मामू मुंबईला असतील आणि बाळ त्यांना पाहून हसत असेल, तर तिथे पलीकडे माणूस आहे आणि तो उत्तर देतो. तो कॉल खुशाल करावा.

इथे काही भगिनी म्हणतील की आम्ही कार्टूनचे नव्हे, दीनचे खेळणे घेतो. सूरह म्हणणारा छोटा टॅब, कलमा वाजवणारी बाहुली, शब्दावर टेकवला की आयत ऐकवणारा पेन. हज-उमऱ्याहून येणारे पाहुणे अशा वस्तू मोठ्या अकीदतीने आणतात. मोठ्या मुलाला किंवा नव्याने तिलावत शिकणाऱ्या प्रौढाला असा पेन उपयोगी पडतो, याबद्दल आमचा वाद नाही. पण दोन वर्षांच्या बाळाला तो बटणाचा खेळ आहे. बटण दाबले की आयत अर्ध्यावर तुटते, पुन्हा दाबले की दुसरी सुरू होते. यात ना शिकणे आहे ना अदब. शिवाय कुरआन शिकण्याची आपली परंपरा तोंडातून कानापर्यंत आणि कानातून तोंडापर्यंत अशी आहे. उस्ताद म्हणतो, शागिर्द पुन्हा म्हणतो, उस्ताद चूक दुरुस्त करतो. यंत्र चूक ऐकत नाही, म्हणून दुरुस्तही करत नाही. अम्मीने निजवताना रोज म्हटलेली सूरह बाळाला ज्या सुरात लागते, त्याची बरोबरी कोणताही सेल करू शकत नाही.

खेळण्यांविषयी आपल्याकडे आणखी एक शंका असते. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, आणि बाहुली तर नकोच. सहीह बुखारीत रिवायत आहे की ह. आयेशा (र.) लहान असताना बाहुल्यांशी खेळत, त्यांच्या मैत्रिणीही येत. प्रेषित मुहम्मद (स.) घरी आले की मुली लाजून लपत, तेव्हा आप (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवीत. सुनन अबू दाऊदमधील प्रसंग तर अनेकांना ठाऊक असेल. बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. आप (स.) यांनी हे काय आहे म्हणून विचारले. घोडा आहे असे उत्तर मिळाले. घोड्याला पंख असतात का, असे विचारल्यावर ह. आयेशा (र.) यांनी ह. सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते ना, असा प्रतिप्रश्न केला. त्यावर आप (स.) मनमोकळे हसले.

बहुतेक उलमांनी या रिवायतींच्या आधारे लहान मुलांच्या खेळातल्या बाहुल्यांना मोकळीक दिली आहे. ज्या घरांत चेहरा रेखाटलेली बाहुली नको वाटते, तिथे बिनचेहऱ्याची कापडी बाहुली करता येते आणि मुलींचे त्यावाचून काही अडत नाही. पण आम्हाला या प्रसंगात दुसरीच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. घोडा चिंध्यांचा होता, स्वतः काही बोलत नव्हता. म्हणूनच मोठ्यांनी विचारले आणि लहानांनी सांगितले. पंखांची कल्पना खेळणाऱ्याची होती, दुकानदाराची नव्हती. आणि दोन्ही जगांचे सरदार (स.) कामाच्या रगाड्यातून वेळ काढून एका चिंधीच्या घोड्याविषयी प्रश्न विचारत होते. खेळणे निवडताना याहून चांगली कसोटी आम्हाला माहीत नाही. या वस्तूविषयी मोठ्यांना विचारावेसे वाटेल का, आणि मुलाला सांगावेसे वाटेल का?

प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा आपण शाळेत वाचली असेल. हामिदजवळ तीन पैसे असतात. बाकीची मुले मातीचा शिपाई, भिश्ती, वकील घेतात. हामिद दादीचे हात पोळतात म्हणून चिमटा घेतो. त्यागाची कथा म्हणून आपण ती सांगतो आणि ते योग्यच आहे. पण कथेत आणखी एक गंमत आहे. हामिद तो चिमटा खांद्यावर ठेवतो तेव्हा तो बंदूक होतो, हातात घेतो तेव्हा फकिराचा चिमटा होतो. घरी पोहोचल्यावर मित्रांची खेळणी एकामागून एक फुटतात, चिमटा मात्र शाबूत राहतो. मित्र चिमट्याच्या बदल्यात आपली खेळणी हातात धरायला देतात. ज्या वस्तूचे ठरलेले काम कमी, तिच्यात मुलाला करण्यासारखे जास्त.

आपल्या वाशीम जिल्ह्यात अशा वस्तूंना कधी तोटा नव्हता. ज्वारीची कापणी झाली की पोरे धांड्यांची बैलगाडी करायची. धांड्याची साल सोलून आतल्या मऊ गाभ्याची चाके, सालीचे जू, सगळे स्वतःच्या हाताने. आता शिवारभर सोयाबीन आहे, ज्वारीचा पेरा घटला आणि त्याबरोबर धांड्याची गाडीही गेली. पण पोळ्याच्या बाजारात मातीचे आणि लाकडाचे बैल अजून येतात. मंगरूळपीरला हजरत दादा हयात कलंदर यांच्या उरुसात खेळण्यांची दुकाने लागतात. सुतारही अजून आहेत. काम नसलेल्या दिवसांत सांगितले तर उरलेल्या लाकडाचे वीस-पंचवीस ठोकळे घासून देतील. एवढ्या ठोकळ्यांत मशीद होते, पूल होतो, एस.टी. होते आणि संध्याकाळी सगळे मोडून पुन्हा सुरुवात होते.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तर कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी प्रसिद्ध आहेत. टिपू सुलतानांनी इराणी कारागीर आणून ही कला वाढवली असे सांगितले जाते आणि आजही अनेक मुस्लिम कारागीर घराणी तिच्यावर पोट भरतात. आपल्या कोकणात सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी होतात. ईदी म्हणून असे खेळणे घेतले तर एका मुलाच्या आनंदाबरोबर एका घरची चूलही पेटते.

पैसे नसतील तरी अडत नाही. विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसह गरीब व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली. पुण्यातील अरविंद गुप्ता हे आयआयटीत शिकलेले इंजिनियर. त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, आगकाड्या आणि टाकाऊ बाटल्यांतून विज्ञानाची शेकडो खेळणी तयार केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही खेळणी थोड्या मोठ्या मुलांची आहेत, पण सहा-सात वर्षांचा भाऊ आणि अब्बा मिळून ती करतील तर सुट्टीचे चार दिवस सहज जातील.

आता सावधगिरीचे. साधे खेळणे म्हणजे सुरक्षितच, असे मुळीच नाही. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. गोट्या, मणी, बाहुलीचे डोळे, फुग्याचे तुकडे घशात अडकतात. सव्वा इंच रुंदीच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये. स्वस्त भडक रंगांत शिसे असू शकते. बोट ओले करून घासल्यावर रंग निघत असेल तर ते खेळणे परत करावे. सुताराला रंग लावू नको असेच सांगावे, नुसते घासून कडा गोल करून घ्याव्या.

सेलच्या खेळण्यांत सर्वांत मोठा धोका बटण सेलचा. हा चपटा गोल सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजण्यास सुरुवात होऊ शकते. अशी शंका आली तरी वाट पाहू नये, उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना सेलचे नाव घेऊन सांगावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तरच ते खेळणे घरात आणावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांना त्यातून सूट आहे, बाजारातल्या कारखानी खेळण्यांना नाही. चिन्ह नसेल तर दुकानदाराला जरूर विचारावे.

चाकांच्या वॉकरविषयीही एक शब्द. बाळ आत बसते, समोर दिवे लागतात, गाणे वाजते. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे, कारण बाळे त्यातून जिन्यावरून कोसळत होती. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, उभे राहून ढकलते. पाय त्याचे, तोल त्याचा. देखरेख मात्र दोन्हीकडे हवी.

सेलवर चालणारे सगळेच वाईट, असेही आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारी साधने आहेत. त्या मुलांसाठी ते खेळणे नव्हे, तीच जबान आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाचा धडा शासनाच्या दीक्षा ॲपवर मोठ्यांसोबत पाहता येतो. प्रश्न वयाचा आणि सोबतीचा आहे.

आता त्या भगिनीच्या घराकडे वळू. दिरांना टॅब आणण्यापूर्वीच सांगणे सोपे आहे, आणि हे आपण सांगण्याऐवजी पतींनी सांगावे. भावाने भावाला म्हणावे, "तू आणलेली वस्तू कपाटात पडून राहावी असं आम्हाला वाटत नाही. पोरगा रोज तुझं नाव घेऊन खेळेल असं काही आण. पुण्यात चांगली चित्रपुस्तकं मिळतात, ठोकळे मिळतात. आणि दर जुम्याला कॉल करून त्यातलं एक पान त्याला तूच सांग." पुतण्याला चाचूचा आवाज मिळेल, चाचूला पुतण्या. टॅब विकत घेतलाच असेल तर तो आनंदाने घ्यावा. भेट स्वीकारणे आणि तिची परतफेड करणे हा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा शिरस्ता होता. पण घेतल्यावर तो एका मुलाचा न ठेवता घराचा करावा. मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात, मोठ्या मुलाच्या अभ्यासापुरता.

जाऊबाईंच्या मुलाला विसरू नये. एका घरात एकाला टॅब आणि दुसऱ्याला चेंडू, असे झाले तर खेळणे भांडण होते. ह. नुमान बिन बशीर (र.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सर्व मुलांना तसेच दिले आहे का असे विचारले, आणि नाही म्हटल्यावर अल्लाहचे भय बाळगून मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ही ताकीद आईबापांना असली तरी एका छताखाली राहणाऱ्या चुलत भावंडांसाठीही तोच धडा घ्यावा. न्याय म्हणजे वस्तू तीच हवी असे नाही. पण मोल आणि मन सारखे हवे.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे की पोराने मागे राहू नये. त्यांना एवढेच सांगावे की टॅब चालवायला शिकायला सहा वर्षांच्या मुलाला एक दुपार पुरते, पण दोन वर्षांच्या वयात जे बोलणे शिकायचे त्याला नंतर दुप्पट मेहनत लागते. आणि ते शिकवण्याचे काम दादीइतके कोणाला येते? त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी, भातुकली, अंगाईतले शब्द कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

आणि शेवटी ती ओळ. सव्वादोन वर्षांचे मूल साधारण पन्नासेक शब्द बोलते आणि 'पानी दे', 'अब्बा आए' असे दोन शब्द जोडते. दहा-बाराच शब्द असतील तर घाबरू नये, पण थांबूही नये. मोबाईल चालू करता येणे हे बोलण्याचे माप नाही. पहिल्यांदा कानांची तपासणी करून घ्यावी, कारण कमी ऐकू येणारे मूल उशिरा बोलते आणि पडद्याकडे जास्त ओढले जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि पुढची तपासणी शासकीय रुग्णालयात मोफत होते. अंगणवाडी सेविकेला आजच विचारावे, पथकाची वाट पाहायची नसेल तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे. उशिरा बोलण्याची कारणे अनेक असतात. मोबाईल हे त्यातले एक असू शकते, एकमेव नव्हे. म्हणून घरात कोणी कोणाला, विशेषतः आईला, दोष देत बसू नये. चारजणांचे काम, चूल, शेत सांभाळून तिने मुलाला दोन मिनिटे मोबाईल दिला तर तो गुन्हा नाही. त्या दोन मिनिटांत मुलाशी बोलायला घरातले दुसरे कोणी उपलब्ध का नव्हते, हा प्रश्न सगळ्यांनी आपापल्याला विचारावा.

तपासणी होईपर्यंत एक उपाय आजपासून करता येतो. मगरिब ते इशाच्या दरम्यान अर्धा तास घरातले सगळे मोबाईल, मोठ्यांचेसुद्धा, एका ताटलीत ठेवावेत. बाळासमोर नानीची लाकडी गाडी ठेवावी. मग अब्बांनी खाली बसून विचारावे, "ही गाडी कुठं चालली, बेटा?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर यायला वेळ लागेल. कधी नुसते बोट येईल, कधी 'बा' येईल. त्यालाच उत्तर समजून पुढचा प्रश्न विचारावा.

या ईदला आपल्या घरी मुलांना काय दिले आणि ते महिन्याभरानंतरही खेळण्यात आहे का, हे वाचकांनी आम्हाला जरूर कळवावे. हाताने केलेल्या खेळण्याची कृती लिहून पाठवली तर पुढच्या अंकात इतर घरांच्याही उपयोगी पडेल. अल्लाह आपल्या मुलांना आरोग्य, गोड जबान आणि आपल्याला त्यांच्यासाठी वेळ देवो. आमीन.